नाताळच्या आठवड्यात एसटी, मेट्रो आणि लोकलनेच फिरायचं आहे (पुण्यातून) – नियोजन तपासून द्या

कर्वेनगरची (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत आम्ही पाचजण फिरणार आहोत. मी, नवरा, मुलगा (वय ९), सासूबाई (६८) आणि सासरे (७७). घरी चारचाकी नाही आणि आठवडाभर टॅक्सी परवडणारी नाही. ठरवलंय ते असं:

बुधवार २४ – संध्याकाळी कॅम्पातली रोषणाई, रात्री पंचहौद चर्चमधली उपासना.
शुक्रवार २६ – महाबळेश्वर, परत रविवारी २८ ला.
सोमवार किंवा मंगळवार – लोणावळा, जमल्यास कार्ला.
गुरुवार १ जानेवारी – सासू-सासऱ्यांना अहिल्यानगरला पोचवायचं.

२६ ला सकाळच्या स्वारगेट–महाबळेश्वर थेट गाड्या आरक्षणात भरलेल्या दिसतायत. खासगीवाले तिकिटाचे वाटेल ते आकडे सांगतायत. एसटीत कुणाला किती सवलत मिळते तेही नीट कळत नाही. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने आणि उभं राहणं जितकं कमी तितकं बरं.

---

स्वारगेट_फलाट

आधी महाबळेश्वरचं बघू, बाकीचं त्यामानाने सोपं आहे.

यंदा २५ गुरुवारी आल्यामुळे शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस सलग मिळतात. त्यामुळे जाणाऱ्यांची गर्दी २५ च्या पहाटेपासून २६ च्या दुपारपर्यंत, आणि परतणाऱ्यांची सगळी रविवारी दुपारनंतर. तुमचे दोन्ही दिवस नेमके त्यातच बसलेत. परतीचा रविवार सोडून सोमवारी सकाळचं करता आलं तर जरूर करा. रविवारी हॉटेलं रिकामी करून सगळे एकदमच पसरणी घाट उतरतात, मग खेड शिवापूरचा टोलनाका, मग कात्रज. ते जमत नसेल तर रविवारी दुपारी बाराच्या आत महाबळेश्वर सोडा.

जाण्यासाठी थेट गाडीचा हट्ट धरू नका. स्वारगेटहून वाईला जाणारी गाडी पकडा आणि वाई स्टँडवर उतरून पाचगणी-महाबळेश्वरची गाडी घ्या. लोक "महाबळेश्वर" एवढंच शोधतात, म्हणून त्या गाड्या आधी भरतात आणि वाईच्या गाड्यांत जागा शिल्लक राहते. सातारा, कराड, कोल्हापूरची गाडी घेऊन सुरूर फाट्यावर उतरायचा सल्लाही कुणीतरी देईल. तरुण मुलांना ठीक आहे. सासऱ्यांना घेऊन हायवेच्या कडेला सामानासकट उभं राहायचं आणि वाईकडे जाणाऱ्या वाहनाची वाट बघायची, हे करू नका.

वेळ महत्त्वाची. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना गाडी खंबाटकीचा घाट चढते. बोगदा आहे तो साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांसाठी. चढावर एखादा मालट्रक बंद पडला की मागे रांग लागते, आणि सुट्टीच्या दिवशी त्या रांगेत शेकडो खासगी गाड्या असतात. सहाच्या आधी स्वारगेट सोडणारी गाडी मिळाली तर घाट मोकळा मिळतो. आठनंतर निघालात तर पोचण्याची वेळ धरून चालू नका.

आता एक व्यावहारिक गोष्ट: मेट्रो सकाळी सहाला सुरू होते. म्हणजे साडेपाचच्या एसटीसाठी ती उपयोगाची नाही. रिक्षात कायद्याने तिघेच, त्यामुळे तुम्हाला दोन रिक्षा लागतील. आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

---

मेढा_मार्गे

वरच्या प्रतिसादातल्या वेळेबद्दल पूर्ण सहमत, पण २६ पुरता वाईऐवजी साताऱ्यावरून जायचा पर्याय मला बरा वाटतो. दोन कारणं आहेत. स्वारगेटहून साताऱ्याला गाड्या सगळ्यात जास्त, विनाथांबाही असतात, त्यामुळे एक चुकली तरी पुढची लगेच मिळते. दुसरं म्हणजे साताऱ्याहून मेढा-केळघर मार्गे महाबळेश्वरला एसटी जाते, त्यामुळे पसरणी घाट आणि पाचगणीतली कोंडी दोन्ही टळतात. सुट्टीत खरा वेळ तिथेच जातो. वाई ते पाचगणी हा टप्पा जेमतेम बारा किलोमीटरचा, पण रस्ता अरुंद आणि वळणावळणांचा. समोरून आरामगाडी आली की दोन्हीकडची वाहनं थांबतात. अशा वेळी थेट गाडीतले आणि वाईत बदलून आलेले, सगळे सारखेच अडकतात.

खंबाटकी मात्र यातही चुकत नाही, आणि अंतरही वाढतं. केळघर घाटात वळणं भरपूर आहेत. मुलाला गाडी लागत असेल तर पुढची जागा धरा आणि निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नका. मेढा मार्गाच्या गाड्या वाईपेक्षा कमी आहेत, त्यामुळे साताऱ्यात उतरल्या उतरल्या आधी चौकशी खिडकीवर पुढची गाडी किती वाजता आहे ते विचारा, मग चहाला जा.

महाबळेश्वरला पोचल्यावर पॉइंट बघायला टॅक्सीच करावी लागते असं नाही. तिथल्या आगारातून महाबळेश्वर दर्शन आणि प्रतापगड दर्शन अशा एसटी सुटतात. जागा मोजक्याच असतात, म्हणून पोचल्याच दिवशी स्टँडवर दुसऱ्या दिवशीचं विचारून घ्या. प्रतापगडाला पायऱ्या आहेत, त्यामुळे सासऱ्यांसाठी पहिलंच बरं.

---

तिकीट_खिडकी

सवलतीचं सविस्तर लिहितो, कारण यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्याच्या हद्दीत प्रवास मोफत (अमृत ज्येष्ठ नागरिक योजना, ऑगस्ट २०२२ पासून). ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. महिलांना सरसकट अर्धं (महिला सन्मान योजना, मार्च २०२३ पासून). ५ ते १२ वयाच्या मुलांना अर्धं. दोन सवलती एकत्र होत नाहीत. सासूबाई महिला म्हणूनही पात्र आणि ज्येष्ठ म्हणूनही, पण भरायचं अर्धंच.

म्हणजे तुमचा हिशेब असा: सासरे शून्य, तुमच्या यजमानांचं पूर्ण, तुमचं, सासूबाईंचं आणि मुलाचं अर्धं. पाच माणसांची मिळून अडीच तिकिटं. ही सवलत साध्या गाडीपुरती नाही, शिवशाही-शिवनेरीलाही आहे. आरक्षण केलंत तर आरक्षण शुल्क वेगळं पडतं.

ऑनलाइन काढताना प्रत्येक प्रवाशासमोर सवलतीचा प्रकार निवडावा लागतो. तो न निवडता पुढे गेलात तर पूर्ण भाडं कापलं जातं, आणि नंतर वाहकाला आधार कार्ड दाखवून फरक परत मिळत नाही. नाव आणि वय ओळखपत्रावर आहे तेच टाका. प्रवासात ज्येष्ठांचं ओळखपत्र हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे आत्ता थेट गाड्या भरलेल्या दिसणं साहजिक आहे. पण जी यादी दिसते ती रोजच्या वेळापत्रकाची. गर्दी बघून आगार जादा गाड्या सोडतं, त्या मागाहून यादीत येतात किंवा आरक्षणाशिवाय थेट फलाटावर लागतात. रोज रात्री एकदा साइट बघत राहा. शोधताना "स्वारगेट" आणि "पुणे स्टेशन" दोन्ही टाकून बघा, त्या गाड्या वेगवेगळ्या दिसतात.

---

कर्वेनगरची

खूप आभार. अडीच तिकिटांचा हिशेब एवढा सोपा असेल असं वाटलं नव्हतं. खासगी बसच्या भाड्यावर काही नियम आहे का? की मागतील तेवढं द्यायचं?

---

तिकीट_खिडकी

नियम आहे. राज्य शासनाने एप्रिल २०१८ मध्ये ठरवून दिलंय की खासगी कंत्राटी बसने त्याच प्रकारच्या एसटी गाडीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये. "त्याच प्रकारच्या" हे लक्षात ठेवा. वातानुकूलित स्लीपरची तुलना लाल परीशी करून तक्रार टिकत नाही. एसटीच्या साइटवर त्या मार्गाचं त्या प्रकारच्या गाडीचं भाडं काढा, दीडने गुणा, आणि जास्त घेतलं असेल तर तिकीट, गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ यांसह आरटीओकडे तक्रार करा. रोख देऊन चिठ्ठीवर लिहून घेतलेलं तिकीट असेल तर पुरावा राहत नाही, म्हणून पैसे यूपीआयने द्या.

तरी तुमच्या बाबतीत मी खासगीचा विचारच केला नसता. पाच पूर्ण तिकिटं आणि अडीच तिकिटं यातला फरक तुम्हीच बघा.

---

पूलगेट

२४ च्या संध्याकाळचं सांगतो.

नाताळच्या दिवसांत संध्याकाळी साधारण सातपासून महात्मा गांधी रस्त्यावर वाहनं बंद करतात. १५ ऑगस्ट चौक, व्होल्गा चौक, अरोरा टॉवर्सचा चौक, या बाजूंनी वाहतूक वळवली जाते. पोलीस एक-दोन दिवस आधी त्या वर्षीचे बदल जाहीर करतात, ते वाचून घ्या. रस्ता चालणाऱ्यांना मोकळा मिळतो, पण त्या भागातून जाणाऱ्या पीएमपी बस वळवल्या जातात आणि आजूबाजूच्या गल्ल्या तुंबतात. बसने नेहमीच्या थांब्यावर उतरायचं असं धरून निघालात तर फसाल.

तुमच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली: कर्वेनगरहून पीएमपी किंवा रिक्षाने नळ स्टॉप, तिथून मेट्रोने जिल्हा न्यायालय, तिथे गाडी बदलून स्वारगेट. स्वारगेटहून हडपसरकडे जाणारी कुठलीही पीएमपी गोळीबार मैदानावरून पूलगेटला येते. पूलगेटला उतरलं की समोर एम. जी. रोडचं दक्षिण टोक. तिथून चालत आत शिरायचं.

दुसरी: नळ स्टॉपहून त्याच मार्गिकेने न बदलता थेट पुणे रेल्वे स्टेशन, आणि तिथून रिक्षा. सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी मी दुसरी वाट सुचवेन. जिल्हा न्यायालय स्थानकात एक मार्गिका उन्नत आहे आणि दुसरी तेहतीस मीटर खोल जमिनीखाली. सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, पण एका पट्ट्यात काम भागत नाही, तीन-चार टप्पे उतरावे लागतात. गर्दीच्या वेळी लिफ्टपाशी रांग असते आणि गाडी बदलायला सात-आठ मिनिटं सहज जातात. स्टेशनवरून रिक्षा करणार असाल तर साडेसहाच्या आत कॅम्पात पोचा. सातनंतर रिक्षावाले साधू वासवानी चौकाच्या पुढे यायला कुरकुर करतात, आणि त्यात त्यांची चूक नाही, पुढे रस्ताच बंद असतो.

बसायला जागा हवी असेल तर ईस्ट स्ट्रीटच्या बाजूला सातच्या आत बसून घ्या. आठनंतर उभं राहायलाही जागा नसते.

पंचहौद म्हणजे गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय, १८८५ चं. पूलगेटवरून रिक्षाने जा. मेट्रोने यायचं झालं तर मंडई स्थानकावर उतरून पूर्वेकडे पंधरा मिनिटं चालावं लागतं. उपासनेची वेळ चर्चच्या फलकावर बघून ठेवा. ती मध्यरात्रीच्या आसपास संपणार असेल तर परतीला मेट्रो नाही, शेवटच्या गाड्या रात्री अकराच्या सुमाराच्या. पीएमपीची रातराणी (रात्रीची बस) मोजक्या ठरावीक मार्गांवरच आहे, तिच्या भरवशावर राहू नका. म्हणजे रिक्षाच. मीटरचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे किलोमीटरला १७, रात्री बारा ते पाच त्यावर २५ टक्के जादा. सात किलोमीटर धरले तर साधारण दीडशे रुपये होतात, दोन रिक्षांचे तीनशे. हा आकडा डोक्यात असला की चारशे मागणाऱ्याला नाही म्हणता येतं.

३१ ला हाच भाग आणि शिवाय फर्ग्युसन रस्ता संध्याकाळपासून बंद होतो. त्या दिवशी डेक्कनवरून बस बदलायचा बेत ठेवू नका.

---

दापोडी_गेट

लोणावळ्यासाठी सोमवार-मंगळवार निवडलात हे उत्तम. रविवारी बऱ्याचदा रेल्वेचा ब्लॉक असतो आणि दोन-तीन लोकल रद्द होतात.

पुणे–लोणावळा लोकल ६४ किलोमीटरचं अंतर साधारण सव्वा ते दीड तासात कापते. तिकीट १५ रुपये. काही लोकल पुणे स्टेशनऐवजी शिवाजीनगरहून सुटतात, तेव्हा सकाळी निघताना वेळापत्रकात सुटण्याचं स्थानक बघा. तुम्हाला तसंही शिवाजीनगरच सोयीचं. सकाळी लवकरच्या लोकलने जा. दुपारच्या वेळी दोन लोकलमध्ये मोठं अंतर असतं, त्यात सापडलात तर फलाटावर बसून राहावं लागतं.

कार्ल्याला जायचं असेल तर लोणावळ्याला नाही, एक स्थानक आधी मळवलीला उतरा. तिथून पायथ्यापर्यंत रिक्षा. वर लेण्यांना पायऱ्या भरपूर आहेत. सासरे खाली थांबणार असतील तरच हा बेत ठेवा.

एक चूक हमखास होते: लोकलचं तिकीट काढायचं आणि परतताना समोर एक्सप्रेस उभी दिसली की तिच्यात चढायचं. लोकलचं तिकीट तिथे चालत नाही. तपासनीस भेटला तर भाडं अधिक किमान २५० रुपये दंड, आणि तो माणशी. मोबाइलवर अनारक्षित तिकीट काढणार असाल तर स्टेशनात शिरण्याआधी काढा. फलाटावर उभं राहून ते निघत नाही. आणि त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही, ॲपमध्येच दाखवावं लागतं, तेव्हा फोन चार्ज ठेवा.

---

भीमाकाठ

तुमच्या नियोजनातली सगळ्यात मोठी अडचण अजून कुणी सांगितली नाही, म्हणून लिहिते. १ जानेवारीला अहिल्यानगरला एसटीने जायचं ठरवू नका.

त्या दिवशी पेरणे फाट्याच्या (भीमा कोरेगावच्या) जयस्तंभाला अभिवादन करायला राज्यभरातून लाखो लोक येतात. पुणे–अहिल्यानगर रस्ता वाघोलीनंतर तिथूनच जातो. ३१ ला दुपारनंतर टप्प्याटप्प्याने आणि १ तारखेला दिवसभर नेहमीच्या वाहतुकीला तो रस्ता बंद असतो. गाड्या हडपसर, यवत, चौफुला, न्हावरा, शिरूर अशा वळवून नेतात. नेहमीचं अंतर १२० किलोमीटरच्या आसपास, ते बरंच वाढतं, आणि वेळेचा भरवसा राहत नाही. ७७ वर्षांच्या माणसाला एवढा वेळ गाडीत बसवणं बरं नाही. पीएमपीच्या बसही मोठ्या संख्येने अभिवादनाला येणाऱ्यांसाठी वाहनतळ ते पेरणे अशा लावलेल्या असतात, त्यामुळे त्या दिवशी शहरातल्या मार्गांवरही गाडी उशिरा मिळते.

पर्याय तीन. एक: ३० ला, किंवा ३१ ला पहाटेच जा. दोन: २ तारखेला जा. तीन: १ तारीखच हवी असेल तर रेल्वेने. गाडी दौंडवरून जाते, पेरण्याचा संबंध येत नाही. अंतर साधारण १६० किलोमीटर. दौंडला काही गाड्यांचं इंजिन बदलून दिशा फिरते, तेवढा वेळ थांबा धरा.

रेल्वेत ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, एसटीसारखी अपेक्षा ठेवू नका. पण खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे: ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिला. त्यात अट अशी की तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले पाहिजेत. म्हणून सासू-सासऱ्यांचं तिकीट वेगळं काढा, तुमच्याबरोबर एकत्र काढलंत तर हा कोटा लागत नाही. प्रतीक्षा यादीतलं ई-तिकीट आरक्षणाचा तक्ता (चार्ट) लागेपर्यंत पक्कं झालं नाही तर आपोआप रद्द होतं, आणि दुपारी दोनच्या आत सुटणाऱ्या गाडीचा तक्ता आदल्या दिवशीच लागतो. तत्काळ हवं असेल तर गाडी तिच्या सुरुवातीच्या स्थानकावरून सुटते त्याच्या आदल्या दिवशी, वातानुकूलितसाठी सकाळी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला. ऑनलाइन तत्काळला आता खातं आधारशी जोडलेलं लागतं. ते आजच जोडून ठेवा, ऐनवेळी ओटीपी येत नाही आणि दोन मिनिटांत जागा संपतात.

तिकिटावर सुटण्याचं स्थानकही वाचा. सुट्टीतल्या काही विशेष गाड्या हडपसरहून सुटतात, आणि हडपसर रेल्वे स्टेशन गाडीतळ बसथांब्यापाशी नाही, मुंढवा-मगरपट्ट्याच्या बाजूला आहे. गाडीतळावर उतरून विचारत बसलेले लोक नेहमी दिसतात.

---

कर्वेनगरची

भीमाकाठ ताई, १ तारखेचं डोक्यातच आलं नव्हतं. आता ३१ ला पहाटे एसटीने असं ठरवतोय. अहिल्यानगरची गाडी शिवाजीनगर स्टँडवरूनच ना?

---

स्वारगेट_फलाट

हो, पण शिवाजीनगर स्टँड २०१९ च्या अखेरीपासून वाकडेवाडीला आहे. साइटवर आणि लोकांच्या तोंडी अजून "शिवाजीनगर"च असतं. शिवाजीनगर मेट्रो स्थानकावर उतरलात तर तिथून पुढे जुन्या मुंबई रस्त्याने खडकी-पिंपरीकडे जाणारी पीएमपी घ्यावी लागते. पहाटे मेट्रो नाहीच, तेव्हा रिक्षावाल्याला "वाकडेवाडी एसटी, दूध डेअरीजवळ" असं सांगा. नुसतं "शिवाजीनगर स्टँड" म्हणालात तर तो कोर्टापाशी सोडेल.

या मार्गावर ई-शिवाई (एसटीची विजेवरची बस) धावते. जागा आरामशीर, पायरीही फार उंच नाही, सासऱ्यांना सोयीची. चाकावरची जागा घेऊ नका, पाय मोकळे राहत नाहीत. आरक्षण करताना दुसरी-तिसरी रांग निवडा, दारही जवळ पडतं.

---

तिकीट_खिडकी

३१ ची पहाट निवडलीत तर आरक्षण आत्ताच करा, कारण १ ला जाणारे बरेच जण शेवटी ३१ वरच सरकतात. आणि शहरातल्या फिरण्यासाठी एक राहिलं: २७-२८ ला पुण्यात असतात त्यांना मेट्रोत शनिवार-रविवारी ३० टक्के सवलत मिळते. पीएमपीचा दिवसाचा पास दोन्ही महापालिका हद्दींसाठी ७० रुपये, पूर्ण पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश) हद्दीसाठी १५०. तो वाहकाकडेच मिळतो. दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा बस बदलणार असाल तरच घ्या, दोन फेऱ्यांसाठी सुटं तिकीटच स्वस्त पडतं.